विश्लेषण : म्हातारपणी स्मरणशक्तीसाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्या उपयोगी पडतात का? परळच्या ‘हाफकिन’मधील ल्यूसी विल्स यांचे काम काय सांगते?

साठी उलटली की नावे पटकन आठवत नाहीत, चष्मा कुठे ठेवला ते लक्षात राहत नाही. मग घरातले कोणीतरी औषधाच्या दुकानातून ‘मेंदूची ताकद वाढवणारी’ गोळी आणते. तिच्या वेष्टनावरील बारीक अक्षरांत बहुतेक वेळा एक नाव हमखास सापडते, ते म्हणजे फॉलिक ॲसिड. या जीवनसत्त्वाचा शोध जिथून सुरू झाला, त्या जागांपैकी एक मुंबईत परळला आहे. हाफकिन संस्थेत काम करणाऱ्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी गिरणगावातील गरीब, गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर उपाय शोधला आणि त्यातून पुढे फॉलिक ॲसिड हाती आले. हीच गोळी आज स्मरणशक्तीसाठीही घेतली जाते. तिचा खरोखर उपयोग होतो का? विल्स यांचे आयुष्य आणि त्यांची कामाची पद्धत पाहिली, तर या प्रश्नाचे उत्तर समजणे सोपे जाते.

कोण होत्या ल्यूसी विल्स?

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड येथे झाला. घर सुखवस्तू होते आणि शिक्षणाला महत्त्व देणारे होते. वडील विज्ञानाचे पदवीधर, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधील नामवंत डॉक्टर होते. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९११ मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांना पदवी मिळाली नाही, कारण त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. तेथील स्त्रियांना हा अधिकार मिळायला १९४८ साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी, १९११ मध्ये वडील वारले. १९१३ मध्ये मोठी बहीणही गेली. पुढच्या वर्षी त्या भावासोबत दक्षिण आफ्रिकेला गेल्या असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. केप टाऊनमधील एका रुग्णालयात त्यांनी काही आठवडे स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. इंग्लंडला परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये प्रवेश घेतला. मुंबईच्या डॉ. रखमाबाई याच कॉलेजातून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या.

विल्स १९२० मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी डॉक्टर झाल्या. दवाखाना मात्र त्यांनी थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अध्यापन आणि गरोदरपणातील आजारांवर संशोधन, हा मार्ग त्यांनी निवडला.

त्या मुंबईत का आल्या?

भारतात बाळंतपणात स्त्रिया मोठ्या संख्येने दगावत होत्या. त्यामागची कारणे शोधण्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने चौकशी हाती घेतली होती. भारतातील स्त्रियांच्या आरोग्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्स यांना या कामासाठी बोलावले. १९२८ मध्ये विल्स मुंबईत दाखल झाल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेतून काम करू लागल्या. गिरणी कामगारांच्या प्रदीर्घ संपाने मुंबई ढवळून निघाली, ते हेच वर्ष.

त्यांच्यापुढे आलेला आजार विचित्र होता. गरोदर स्त्रियांचे रक्त झपाट्याने कमी होई. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. हा आजार गरीब स्त्रियांमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांमध्ये जास्त आढळे. दिसायला तो ‘पर्निशस ॲनिमिया’सारखा होता. हा रक्तक्षय तेव्हापर्यंत जीवघेणा मानला जाई. भरपूर लिव्हर, म्हणजे प्राण्याचे यकृत, खाल्ल्याने तो आटोक्यात येतो हे अमेरिकेतील मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवले होते.

गिरणगावातील आजाराचे मूळ काय?

विल्स यांनी कोणतेही औषध सुचवण्याआधी हा आजार कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, ते पाहिले. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीमानातील स्वच्छतेची पाहणी केली. ती १९३०च्या सुमारास प्रसिद्ध झाली. आजारामागे एखादा जंतू आहे का, हेही त्यांनी तपासले. हळूहळू संशयाची सुई जेवणाकडे वळली. आजारी पडणाऱ्या स्त्रियांच्या ताटात भाजीपाला, फळे आणि प्रथिने यांचा दुष्काळ होता.

त्यानंतर प्रयोग सुरू झाले. आधी पांढऱ्या उंदरांवर आणि पुढे माकडांवर. गरीब स्त्रियांच्या जेवणासारखा निकृष्ट आहार दिला की माकडांनाही तसाच रक्तक्षय होई. त्याच आहारात यीस्ट मिसळले की ती बरी होत. मुंबईचा उन्हाळा टाळून १९२९ मध्ये त्यांनी काही महिने कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत काम केले. १९३१च्या सुरुवातीला त्या मद्रासच्या रुग्णालयातही होत्या.

यीस्टचा स्वस्त आणि सहज मिळणारा प्रकार म्हणजे मार्माइट. दारूभट्टीत उरलेल्या यीस्टपासून तयार होणारा हा काळपट, खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. विल्स यांनी तो आजारी स्त्रियांना दिला. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या आणि अशक्तपणा ओसरू लागला. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे निष्कर्ष छापून आले. मार्माइटमधील त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ हे नाव पडले.

या शोधातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती?

पर्निशस ॲनिमियावर लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क उत्तम काम करत असे. विल्स यांच्या रुग्णांवर आणि माकडांवर मात्र तो निरुपयोगी ठरला. साधे, शुद्ध न केलेले लिव्हर किंवा मार्माइट दिले की गुण येई. यावरून एकच निष्कर्ष निघत होता. दोन्ही आजारांत रक्त सारखेच दिसत असले, तरी शरीरात कमी पडणारी गोष्ट वेगळी होती. विल्स यांनी सहकाऱ्यांसह १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा नवा घटक वेगळा असल्याचे मांडले.

आज या दोन घटकांची नावे सर्वांना माहीत आहेत. लिव्हरच्या शुद्ध अर्कातील घटक म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. ते १९४८ मध्ये हाती लागले. विल्स यांचा घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सास येथील संशोधकांनी तो पालकाच्या पानांतून वेगळा केला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

पुढील आयुष्य कसे गेले?

विल्स १९३३ मध्ये लंडनला परतल्या. नोव्हेंबर १९३७ ते जानेवारी १९३८ या काळात त्या पुन्हा हाफकिनमध्ये दहा आठवडे येऊन गेल्या. त्या वेळी त्यांनी आयुष्यातील पहिला विमानप्रवास केला. दुसऱ्या महायुद्धात त्या रॉयल फ्री रुग्णालयात होत्या. जुलै १९४४ मध्ये रुग्णालयावर थेट जर्मन उडता बॉम्ब पडला आणि त्यात काही जण दगावले. काही दिवसांत प्रयोगशाळेचे काम पुन्हा सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत त्यांनी तेथे रक्तविकारांचा स्वतंत्र विभाग उभा केला होता. युद्धकाळातील रेशनिंगचा आणि सरसकट दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचा गरोदर स्त्रियांच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो, याचा त्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असा प्रवास करत त्या आहार आणि रक्तक्षय यांच्या नोंदी घेत राहिल्या. लंडनमधील चेल्सी भागातून त्या मजूर पक्षाच्या नगरसेविकाही झाल्या. त्यांनी लग्न केले नाही. डोंगर आणि सायकल यांची त्यांना आयुष्यभर आवड होती. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शोधाचे मोठे फळ त्यांच्या मृत्यूनंतर दिसले. आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत जन्मजात दोष असलेल्या मातांना पुढील गर्भधारणेच्या वेळी फॉलिक ॲसिड दिले, तर तोच दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ मधील आंतरराष्ट्रीय चाचणीत आढळले. अमेरिकेने १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे बंधनकारक केले. २०१९ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गुगलने त्यांचे डूडल केले, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव पहिल्यांदाच ऐकले.

स्मरणशक्तीशी फॉलिक ॲसिडचा संबंध कसा जोडला गेला?

शरीरात होमोसिस्टीन नावाचे एक अमिनो आम्ल सतत तयार होत असते. त्याची विल्हेवाट लावायला फोलेट, बी-१२ आणि बी-६ ही तीन जीवनसत्त्वे लागतात. ती कमी पडली की रक्तातील होमोसिस्टीन वाढते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १,०९२ ज्येष्ठांवर काही वर्षे नजर ठेवण्यात आली. होमोसिस्टीन १४ मायक्रोमोलपेक्षा जास्त असलेल्यांमध्ये अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट होता, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले.

तेव्हापासून साधा तर्क मांडला गेला. जीवनसत्त्वे द्या, होमोसिस्टीन उतरवा, स्मरणशक्ती टिकेल. मात्र दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ते ठरवायला चाचणी लागते. त्यात काहींना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी (प्लासिबो) दिली जाते. कोणाला कोणती गोळी मिळाली, हे चाचणी संपेपर्यंत घेणाऱ्यालाही ठाऊक नसते.

चाचण्यांमध्ये काय आढळले?

पहिले उत्साहवर्धक निष्कर्ष नेदरलँड्समधून आले. होमोसिस्टीन वाढलेल्या, ५० ते ७० वयाच्या ८१८ जणांच्या चाचणीत निम्म्यांना रोज ८०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड तीन वर्षे देण्यात आले. त्यांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा चांगला राहिल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. तेथील पिठात तेव्हा फॉलिक ॲसिड मिसळले जात नव्हते. म्हणजे या मंडळींच्या शरीरात खरोखर उणीव असण्याची शक्यता होती.

२०१० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीचे निष्कर्ष आले. विसरभोळेपणा सुरू झालेल्या ७० वर्षांवरील ज्येष्ठांना फॉलिक ॲसिड, बी-१२ आणि बी-६ दोन वर्षे दिले गेले. १६८ जणांचे एमआरआय तपासले असता, प्लासिबो गटात मेंदू वर्षाला सरासरी १.०८ टक्के, तर गोळ्या घेणाऱ्यांत ०.७६ टक्के आकसल्याचे दिसले. ज्यांचे होमोसिस्टीन सुरुवातीला सर्वांत जास्त होते, त्यांना सर्वाधिक फायदा झाला.

मग २०१४ मध्ये ११ चाचण्या आणि सुमारे २२ हजार लोकांची माहिती एकत्र तपासण्यात आली. गोळ्यांनी होमोसिस्टीन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले, हे खरे. स्मरणशक्तीत मात्र फरक पडला नाही. यावर आक्षेपही घेतले गेले. चाचणीतील अनेकांची स्मरणशक्ती त्या काळात फारशी घसरलीच नव्हती. जे घसरले नाही, ते गोळीने सावरले की नाही, हे कसे कळणार, असा तो आक्षेप होता.

या निकालांत विसंगती आहे का?

वरवर पाहता आहे. पण विल्स यांच्या कामाच्या अंगाने पाहिले, तर हे निकाल एकमेकांशी जुळतात. मार्माइटने गुण आला, कारण त्या स्त्रियांच्या शरीरात फोलेट नव्हते. लिव्हरच्या शुद्ध अर्काने गुण आला नाही, कारण त्यातील घटक त्यांना कमी पडतच नव्हता. मेंदूच्या चाचण्यांतही जिथे उणीव होती, तिथे फायद्याची चिन्हे दिसली. उणीव असो वा नसो, सर्वांना गोळी दिली, तिथे फायदा दिसेनासा झाला.

इतर पूरक गोळ्यांचे काय?

गिंको बिलोबा या वनस्पतीचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर विकला जातो. अमेरिकेत ७५ वर्षांवरील सुमारे तीन हजार जणांवर सरासरी सहा वर्षे चाललेल्या चाचणीत त्याने स्मृतिभ्रंश रोखला नाही, असे २००८ मध्ये दिसले. ओमेगा-३च्या गोळ्यांच्या मोठ्या चाचणीतही २०१५ मध्ये फायदा आढळला नाही. मल्टिव्हिटॅमिनबाबत अलीकडे थोडी आशा आहे. अमेरिकेतील कॉसमॉस या चाचणीत रोज एक मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्या ज्येष्ठांच्या चाचणी-गुणांत लहानशी सुधारणा दिसली. त्याने स्मृतिभ्रंश टळतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे, की स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्यासाठी बी आणि ई जीवनसत्त्वे, ओमेगा-३सारखी मेदाम्ले किंवा अनेक घटकांच्या एकत्रित गोळ्या सुचवू नयेत.

मग महाराष्ट्रातील ज्येष्ठांनी गोळ्या घेऊच नयेत का?

इथे एक महत्त्वाचा फरक आहे. वरच्या बहुतेक चाचण्या युरोप-अमेरिकेत झाल्या. तिथल्या जेवणात मांस, दूध, अंडी यांतून बी-१२ बऱ्यापैकी मिळते. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. पुणे आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले, तर ५८ टक्क्यांचे होमोसिस्टीन वाढलेले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शहरी मध्यमवर्गीयांमध्ये बी-१२ची उणीव अधिक दिसली. शाकाहार हे त्याचे एक ठळक कारण आहे. वय वाढते तसे अन्नातील बी-१२ शोषून घेण्याची क्षमताही घटते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होऊ शकते.

बी-१२ची तीव्र उणीव असेल, तर विसरभोळेपणा, गोंधळलेपण, हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसू शकतात. वेळीच उपचार केले, तर ती बऱ्याच अंशी सुधारू शकतात. म्हणूनच स्मरणशक्तीची तक्रार घेऊन आलेल्या ज्येष्ठाची बी-१२ आणि थायरॉइड तपासणी डॉक्टर करायला सांगतात.

नुसते फॉलिक ॲसिड घेण्यात धोका काय?

विल्स यांनी वेगळ्या केलेल्या दोन आजारांचा धडा इथे पुन्हा कामाला येतो. बी-१२ कमी असताना फक्त फॉलिक ॲसिड घेतले, तर रक्त सुधारलेले दिसू शकते. रक्ताचा अहवाल ठीक आला म्हणून सगळे निश्चिंत होतात. नसांचे नुकसान मात्र आत चालूच राहते, कारण नसांना हवे असते ते बी-१२. म्हणून दुकानातून आणलेले फॉलिक ॲसिड मनाने सुरू करण्याआधी बी-१२ तपासून घेणे गरजेचे असते.

बाकीच्या गोळ्याही पूर्णपणे निर्धोक नाहीत. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले, तर नसांना इजा होते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत गिंको घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. घरातील ज्येष्ठ कोणत्या पूरक गोळ्या घेतात, याची यादी डॉक्टरांना दाखवायला हवी.

ज्येष्ठांसाठी नेमके काय करावे?

विसरणे वाढत असेल, तर आधी तपासणी आणि मग गोळी, हा क्रम ठेवावा. उणीव निघाली, तर डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ती भरून काढावी. अशा वेळी स्वस्तातली साधी बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शनही मोठे काम करून जाते. उणीव नसेल, तर स्मरणशक्तीच्या नावाने दरमहा होणारा खर्च इतरत्र वळवता येतो. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावणे, रोज चालणे, तंबाखू सोडणे आणि माणसांत मिसळणे हे उपाय त्यासाठी आहेत. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये असे १४ घटक मांडले. त्या सर्वांकडे लक्ष दिले, तर जगातील जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतात, असा त्यांचा अंदाज आहे.

ताटात पालेभाज्या, कडधान्ये, दूध-दही आणि चालत असेल तर अंडी-मासे असावेत. गिरणगावातील स्त्रियांच्या ताटात काय नाही, हे विल्स यांनी १९२८ नंतर घरोघरच्या पाहणीतून शोधले होते. घरातल्या आजी-आजोबांच्या शरीरात काय कमी आहे, हे आज रक्ताच्या एका तपासणीतून कळते.